बंबमामांचा ठराव

होळीला लोक नैवेद्य घेऊन येतात. बंबमामा पाण्याच्या दोन बादल्या घेऊन यायचे.

बादल्या काठोकाठ भरलेल्या. मारुतीच्या पारापुढं होळी रचलेली, बाया पुरणपोळीची ताटं घेऊन उभ्या, गडीमाणसं बोंब मारायला घसा खाकरून तयार, आणि त्या गर्दीतून हा साठीचा माणूस दोन हातांत दोन बादल्या आणि खांद्यावर ओलं पोतं अशा थाटात यायचा, की होळीला अटक करायलाच आलाय असं वाटावं. होळी पेटली की अख्खं गाव तिच्याकडं तोंड करून उभं राही, आणि मामा तिच्याकडं पाठ करून. "होळीला काय पाहायचं?" ते म्हणत. "ती जाग्यावरच हाय. ठिणगी कुठं जाऊन राहिली ते पाहा."

मी त्या गावचा ग्रामसेवक. मूळचा हट्टा गावचा, नेमणूक मिळाली शिरड शहापूरहून आत, जिथं डांबर संपतं त्याच्याही पुढच्या गावात. आलो तेव्हा जिल्हा परभणी होता. नंतर हिंगोली झाला. फायलींवरचे शिक्के बदलले, साहेब बदलले, दारावरची पाटी बदलली. बंबमामांचा अर्ज मात्र पहिल्या वर्षी जो होता तोच शेवटच्या वर्षी. त्या अर्जाचीच ही गोष्ट आहे म्हणा, पण अर्जाकडं यायच्या आधी माणूस कळायला पाहिजे.

खरं नाव लिंबाजी. पण तालुक्याचा आगीचा लाल बंब आमच्या गावात कुणी कधी पाहिलेला नव्हता आणि मामा रोज दिसत, म्हणून गावानं ते नाव त्यांनाच देऊन टाकलं. मामांना त्याचा राग नव्हता. उलट एकदा मला म्हणाले, "भाऊसाहेब, बंबाला डिझेल लागतं, डायवर लागतो, रस्ता लागतो. मला निस्तं पोतं लागतं."

ते पोतं म्हणजे काय सांगू! संक्रांतीपासून मृगापर्यंत ते त्यांच्या खांद्यावरून उतरत नसे, आणि वाळतही नसे. जिथं हौद दिसेल तिथं बुचकळायचं आणि पुन्हा खांद्यावर टाकायचं. मे महिन्याच्या रखरखाटात सगळं गाव भाजून निघायचं आणि हा एकटा माणूस गारेगार. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसले की उठताना तिथं ओला पाट राहायचा. माझं जन्म-मृत्यूचं रजिस्टर दोनदा भिजलंय त्या पोत्यानं. एका बाईच्या लेकराची जन्मतारीख मला तिला पुन्हा विचारावी लागली होती.

बिडी ओढणाऱ्यांचे तर हाल. मामा स्वतः बिडी तोंडात धरत, पण पेटवत नसत. दिवसभर नुसती चघळायची. काडेपेटीला त्यांनी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. पण दुसऱ्यानं बिडी पेटवली की हे त्याच्याजवळ जाऊन बसत आणि गोड आवाजात म्हणत, "ओढा, ओढा. निवांत ओढा. थोटूक तेवढं मह्याकडं द्या." मग ते थोटूक कमरेला लटकवलेल्या डब्यातल्या पाण्यात. सरपंच सांगायचे की गावातल्या अर्ध्या लोकांनी बिडी सोडली ती डॉक्टरच्या भीतीनं नाही, मामांच्या सोबतीला कंटाळून.

आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला मेणबत्त्यांची रांग लागायची. मामा तिथंही दारात हजर. वंदना संपेपर्यंत हात जोडून उभे, अगदी श्रद्धेनं. डोळे मात्र एकेका मेणबत्तीवर. सगळ्या विझल्या की म्हणत, "छान झालं." मला वर्षभर वाटत होतं, कार्यक्रमाला म्हणताहेत.

पण मामांचा सगळ्यात विचित्र छंद म्हणजे शेण. हातात कायम एक काठी, तिच्या टोकाला लोखंडी आणी, म्हणजे अणकुचीदार टोक. रस्त्यानं, धुऱ्यानं, गायरानातून जाताना वाळक्या शेणाचा पो दिसला की थांबायचं, आणी खुपसायची, पो उलटायचा, फोडायचा, बोट लावून बघायचं आणि मग पुढं. मामांबरोबर पायी कुठं जायचं म्हणजे दोन तासांची वाट चार तासांची होई. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, काय शोधताय?" तर म्हणाले, "राखंला हात लावला तर कळतं गार हाय का गरम हाय. शेनाचं तसं न्हाई भाऊसाहेब. वरून गार, आतून अंगार. दोन-दोन दिवस आतल्या आत जळत ऱ्हातं, कुनाला सांगत न्हाई."

लोक म्हणायचे, याडं झालंय म्हातारं.

घरी सुंदरामामी. चूल पेटवणं हे काम त्या घरात फक्त त्यांचं. त्या चुलीपुढं बसल्या की मामा तांब्या भरून त्यांच्या मागं. मामी मला भाकरी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "भाऊसाहेब, लग्नाला चाळीस साल झाले. इतकं टक लावून ह्यांनी मह्याकडं कधी पाह्यलं न्हाई, जेवढं त्या चुलीकडं पाहत्यात." मामा मागून म्हणाले, "तू कुठं उडून जातीस?"

आता अर्ज.

आमच्याकडं उन्हाळ्यात शेत नांगरायच्या आधी धुरा पेटवायची रीत आहे. दोन शेतांच्या मधला बांध म्हणजे धुरा. त्यावर वर्षभराचं कुसळी गवत, काटेरी बोरी, कसली कसली झुडपं माजलेली असतात. कोण कापत बसणार? एक काडी लावली की तासाभरात धुरा साफ. आजोबांनी लावली, बापानं लावली, आपणही लावायची. मामांचं म्हणणं होतं की लावा, पण ग्रामपंचायतीनं त्याला कायदा करावा. ऊन चढल्यावर काडी नाही. आधी शेजाऱ्याला हाळी द्यायची. वारं पाहायचं. शेजाऱ्याची कडब्याची गंजी जवळ असेल तर तिच्याभोवती नांगराचे दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, हाणायच्या, म्हणजे उघड्या मातीचा पट्टा होतो आणि आग तिथं येऊन थांबते. पाण्याची घागर आणि ओलं पोतं जवळ पाहिजे. आणि शेवटचं, ज्याला सगळे हसत, ते असं: दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी परत जाऊन धुऱ्यावरचं शेण फोडून यायचं.

हे सगळं मामा वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं, भल्यामोठ्या अक्षरांत लिहून आणत. 'विषय : धुरा पेटविणेबाबत.' खाली सही. आणि सहीच्या वर एक ओळ : 'कारण : स्वानुभव.'

आणायचे कधी? पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला. बाहेर पाऊस धो धो पडतोय, शाळेच्या पत्र्यावर ताशा वाजतोय, लोक ओल्या घोंगड्या झटकत बुंदीची वाट पाहून राहिलेत, आणि मामा उठून म्हणताहेत, आगीचा बंदोबस्त करा! हशा नाही पिकणार तर काय? सरपंच म्हणत, "मामा, पानी गुडघ्याला आलं. आता कुठली आग?" मामा म्हणत, "आग लागल्यावर कोन आईकून घेतं? तव्हा तुमी पळून राहिलेले असता."

मुद्दा बिनतोड होता. पण ग्रामसभेत ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक मामा. अनुमोदक कोण? सरपंच सभेवर नजर फिरवत, सभा पत्र्याकडं नजर फिरवी. मग मागून कुणीतरी हळूच म्हणे, "पह्यले किसनला इचारा." मामा खाली बसत, डब्यातलं पाणी हलवत. मी प्रोसिडिंगात लिहीत असे : 'अनुमोदनाअभावी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' अशी तहकुबी मी किती वर्षं लिहिली! अक्षर न बघता लिहिता यायला लागली होती.

किसन म्हणजे मामांचा धाकटा सख्खा भाऊ. दोघांची शेतं लागून, मधे एकच सामायिक धुरा. मी गावात यायच्या आधीची गोष्ट. एका चैत्रात मामांनी तो धुरा पेटवला. सकाळची वेळ, वारं पडलेलं, आग छान विझली. दोन दिवसांनी भर दुपारी वारं सुटलं आणि किसनची कडब्याची गंजी पेटली. वर्षाचा चारा तासात गेला. लोक म्हणाले, लिंबाजीच्या धुऱ्याची आग. मामा पारावर चार लोकांत उभे राहिले आणि म्हणाले, "माही आग विझली व्हती. मी सोता हात लावून पाह्यला. मारुतीची आन." किसन ऐकून घरी गेला. चाऱ्याविना बैल कसे जगवायचे? त्यानं वासरापासून वाढवलेल्या जोडीला बाजार दाखवला. आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. पुढं किसननं दुसरी जोडी घेतली, तरी एका धुऱ्याच्या दोन बाजूंना दोघं भाऊ औत हाकायचे आणि बोलायचे ते फक्त आपापल्या बैलांशी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण इथं दूध सांडलं मामांच्या हातून आणि पोळलं भावाचं तोंड. मग मामाच ताक काहून फुंकताहेत, हा प्रश्न मला पडायचा. पण मी सरकारी माणूस. पडलेले प्रश्न उचलायची आम्हाला सवय नसते.

किसनच्या शेतात आणखी एक गंमत होती. दर साली महाशिवरात्रीला किसन औंढ्याला नागनाथाच्या यात्रेला जाई. सकाळी निघायचा, सांजच्याला परत. परत येऊन बघतो तर नव्या गंजीभोवती नांगराचे दोन तास ताजे पाडलेले! कोण पाडून गेलं, तर म्हाईत न्हाई. "शेत माहं हाय, तास कुनाचे ठावं न्हाई," असं किसन सगळ्यांना सांगे. तास मात्र कधी बुजवत नसे.

दरम्यान सरकारलाही जाग आली. तालुक्याहून एक परिपत्रक आलं, वणव्याबाबत घ्यावयाच्या दक्षतेचं. सोबत भिंतीला लावायचं चित्र, त्यात उंच उंच देवदारासारखी झाडं आणि एक घाबरलेलं हरिण. आमच्या गायरानात सगळ्यात उंच झाड म्हणजे पळस, आणि घाबरलेलं जनावर म्हणजे शेळी. परिपत्रकात लिहिलं होतं, आग दिसताच अग्निशमन दलाशी तात्काळ संपर्क साधावा. गावात फोन एकच, तोही सरपंचांच्या घरी, तोही पावसाळ्यात बंद पडायचा आणि उन्हाळ्यातही. मामांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी." मग मला विचारलं, "तुमी काय उत्तर लिवलं, भाऊसाहेब?" मी लिहिलं होतं, 'सर्व दक्षता घेण्यात आली आहे.' खरं सांगतो, त्या वाक्याची मला लाज वाटली. पण पत्र रवाना झालेलं होतं.

त्याच वर्षीच्या चैत्रात गायरान पेटलं. कुणीतरी मधाचं पोळं काढायला धूर केला आणि तसाच निघून गेला. आग कुसळीतून सरळ गावाबाहेरच्या तांड्याच्या दिशेनं. तांड्यावर गवतानं शाकारलेली घरं, मागं कडब्याच्या गंज्या. गाव बोंबा मारत पळत सुटलं, निम्मं आगीकडं आणि निम्मं तिच्या उलट. मामा बांधावर चढले आणि ओरडले, "वारं कुनीकडचं?"

गावानं हा प्रश्न शंभरदा ऐकला होता आणि शंभरदा टवाळी केली होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मामांनी तांड्यातल्या तीन औतांना घरांपुढं तास हाणायला लावले. बाकीच्यांना ओली पोती दिली; घरात दोन डझन साठवून ठेवली होती त्यांनी! "आगीच्या तोंडासमोर जाऊ नका. कडंनं हाना, कडंनं." मीही हाणलं. माझी डावीकडची मिशी त्या दिवशी गेली ती पुन्हा नीट आलीच नाही. आग तासांपाशी येऊन थबकली, दोन वेळा वळवळली आणि बसली. मग सगळे तांड्यावर चहा प्यायला गेले, आणि मामा तीन दिवस गायरानातलं शेण फोडत फिरले.

चार दिवस गावभर मामांची वाहवा. त्या पंधरा ऑगस्टला मी म्हटलं, आता ठराव झालाच. सूचक मामा. अनुमोदक? सभा पत्र्याकडं पाहायला लागली. मागून आवाज, "किसनला इचारा." लोकांचंही खोटं नव्हतं. ठरावाला हात वर करणं म्हणजे दोन भावांच्या भांडणात हात घालणं, आणि सख्ख्यांच्या मधे कोण पडतं? तहकूब.

मग एका माघात मामा पडले. आगीत नव्हे. स्वतःच्याच बादलीतून सांडलेल्या पाण्यावर पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. गावाला हसू आवरेना. मीही हसलो, आणि मग भेटायला गेलो. पाय मांडीपर्यंत प्लास्टरात, मामा बाजेवर आणि पोतं खुंटीला कोरडं ठाक. 

मामांचं सगळं लक्ष आढ्याकडं. तिथं एक फडक्यात बांधलेलं गठुडं टांगलेलं होतं. निघताना मामी दारापर्यंत आल्या, आवाज उतरवून म्हणाल्या, "त्या गठुड्याला बारा साल झाले, कुनाला हात लावू देत न्हाईत. भाऊसाहेब, गंजी जळाली त्याच्या दुसऱ्या दिशी हे धुऱ्यावर गेले, अन् ते घेऊन आले. तव्हापासून हे असे हायेत. दुसरी तकलीफ काईच न्हाई त्यायला. एक गोष्ट सांगायची राहून गेली, भावाला. मारुतीची आन घेऊन बसले ना. आता पायानं चालता येईना, अन् तोंडानं बोलता येईना."

महाशिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतोय तर किसन ओट्यावर. हा माणूस मी आल्यापासून कधी कार्यालयात आला नव्हता.

"भाऊसाहेब, एक तक्रार हाय."

"लिहून द्या."

"लिवायची न्हाई. सांगायची हाय. यंदा मह्या गंजीभवती तास पडले न्हाईत."

मी खुर्चीत बसलो. "तास कोण पाडतं?"

"म्हाईत न्हाई."

"मग तक्रार कुणाविरुद्ध घेऊ?"

किसननं दोन-तीनदा टोपी काढून पुन्हा घातली. मग भिंतीवरच्या हरणाकडं पाहत म्हणाला, "पाय लई मोडला का?"

मी म्हणालो, तीन महिने बाजेवर. त्यानं मान हलवली आणि निघून गेला.

होळी आली. मला वाटलं, यंदाची होळी बिनबादल्यांची. ताटं आली, गवऱ्या आल्या, बोंबा सुरू झाल्या, सरपंचांनी होळी पेटवली. आणि गर्दी बाजूला सरायला लागली. किसन येत होता. दोन हातांत दोन बादल्या, काठोकाठ. त्यानं त्या मामांच्या नेहमीच्या जागेवर ठेवल्या आणि होळीकडं पाठ करून उभा राहिला. बोंब मारणाऱ्यांचे आवाज मधेच बसले. 

मी तसाच मामांकडं गेलो. ते कान देऊनच पडले होते. "पेटली का?"

"पेटली."

"बादल्या?"

"किसनरावांनी आणल्या."

मामांनी आढ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "भरलेल्या व्हत्या का?"

"काठोकाठ."

मामांनी भिंतीकडं तोंड केलं. मामी चुलीपुढून उठल्या आणि त्यांच्या पायावरची गोधडी उगीचच नीट करत बसल्या.

त्या वर्षीची पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. पाऊस तसाच, पत्रा तसाच, बुंदी तशीच. मामा काठी टेकत आले. काखेत ते गठुडं. सगळे विषय संपले तसे उठले आणि अर्ज माझ्यापुढं ठेवला. सरपंच हसतच म्हणाले, "मामा, कारन तेच ना? स्वानुभव?"

"व्हय. यंदा सोबत आनलाय."

त्यांनी गठुडं सोडलं आणि सरपंचांच्या टेबलावर, गांधीजींच्या तसबिरीसमोर आणि बुंदीच्या पातेल्याशेजारी, एक वाळका शेणाचा पो ठेवला.

"अहो मामा!" सरपंच खुर्चीसकट मागं सरकले. "झेंडावंदनाच्या दिवशी शेन?" सभा खो खो हसायला लागली. मामांनी पो उलटा केला. वरून अख्खा, काहीच झालं नव्हतं त्याला. खालून पोकळ, जळून काळा कोळसा, आणि एका कडेला भोक, जिथून आग बाहेर पडली होती.

"हा त्या धुऱ्यावरचा हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पत्र्यावरच्या पावसात जेमतेम ऐकू येत होता, म्हणून सभा आपोआप गप्प झाली. "मी राखंला हात लावला, गार व्हती. ह्याला न्हाई लावला. पारावर मी मारुतीची आन घेतली, तव्हा मला वाटलं मी खरं बोलून राहिलो. दुसऱ्या दिशी हा सापडला. भोकापासून गंजीपस्तोर काळी रेघ गेली व्हती. तव्हा बोलाया पाह्यजे व्हतं. तोंड उचललं न्हाई. देवाची आन घेऊन बसलो व्हतो चार लोकात. किसनची गंजी मह्या हातानं जळाली. त्याची जोडी मह्यामुळं बाजारात गेली. हाच अनुभव हाय. दुसरा काई न्हाई."

आणि ते बसले नाहीत. तसेच उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून.

मागून किसन उठला.

"दादा," तो म्हणाला, आणि तेवढ्या एका शब्दानं कितीतरी माना वळल्या, "बारा सालापासून गावातलं शेन फोडत फिरून राहिलास तू. लोक म्हनले, याडा झाला. काहून झाला ते मला समजत नसंल व्हय? मी काय खुळा हाय?"

मामांचं तोंड उघडं राहिलं. "मंग बोलला काहून न्हाई रे?"

"गंजी जळाली माही, अन् पह्यले मीच बोलू? तुही वाट पाहून राहिलो व्हतो. दर शिवरात्रीला मी औंढ्याला जातो, ते काय नागनाथ मला चिठ्ठी धाडतो? तुला तास हानायला येळ भेटावा म्हून जातो! दिसभर त्या गर्दीत धक्के खातो, लवकर घरी आलो तर तू सापडशीन म्हून!"

आधी एक जण हसला, मग सगळी शाळा हसायला लागली, सरपंच तर डोळे पुसत होते. मामा हसत नव्हते. ते गठुड्याच्या फडक्याच्या घड्या घालत होते.

किसन माझ्या टेबलापाशी आला. "लिवा भाऊसाहेब. अनुमोदक, किसन." आणि शेणाच्या पोकडं बोट दाखवून म्हणाला, "अन् हे हाटवा, बुंदी वाटायची हाय."

मी लिहायला घेतलं. 'अनुमोदनाअभावी' एवढं सवयीनं लिहूनही झालं होतं. ते खोडलं. सरकारी वहीत खाडाखोड केली की कडेला सही करावी लागते. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या आनंदानं केलेली सही दुसरी नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. कायदा आला म्हणून लोक लगेच सुधारले, असं काही नाही. पुढच्या चैत्रातही भर उन्हात काडी लावणारे होतेच. पण काडी लावायच्या आधी शेजाऱ्याला हाळी द्यायला लागले, "वारं कुनीकडचं?" आणि शेजारी धुऱ्यापलीकडून सांगायला लागला.

सभा सुटली तेव्हा पाऊस भुरभुर चालू होता. मी वही घोंगडीखाली धरून पायरीवर थांबलो होतो. समोरच्या चिखलाच्या रस्त्यानं दोघं भाऊ घराकडं निघाले, मामा लंगडत आणि किसन त्यांच्या चालीनं. चार पावलांवर मामा थांबले. रस्त्याच्या कडेला शेणाचा पो पडला होता, पावसानं लगदा झालेला. मामांनी सवयीनं काठीची आणी खुपसली.

मला वाटलं, आता किसन ओरडणार. भर श्रावणात! पण त्यानं कुंपणातली एक काटकी मोडून घेतली.

"त्या बाजूचे तू पाहा," तो म्हणाला. "हिकडचे मी पाहतो."

आणि दोघं म्हातारे पावसात रस्त्याच्या दोन कडांनी एकेक शेण फोडत घरी गेले.